चुन्याची निवळी

स्मरणिकेसाठी लेख हवा म्हणून फोन आला, तेव्हा मी जामनगरजवळच्या एका ढाब्यावर ओले बूट उन्हात ठेवून चहा पीत होते. पलीकडे आमच्याच वर्गातला, आता समितीत असलेला मित्र. म्हणाला, "आपल्या शाळेतून समुद्रात गेलेली तू एकटीच. लिहून टाक काहीतरी. पंधरा तारखेपर्यंत फावेल ना?" चाळीस वर्षं झाली, तरी आमचं बडोद्याचं मराठी काही सुधारलं नाही. फावेल म्हटलं.

मी बडोद्याची आहे आणि समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करते, असं सांगितलं की पुण्या-मुंबईची माणसं हमखास विचारतात, "पण बडोद्याला समुद्र कुठे आहे?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत, सूरसागर आहे, समुद्र नाही. तरी माझा समुद्र या शाळेतच सुरू झाला, आणि तोही एका परीक्षानळीत.

आठवीत होतो. विज्ञानाच्या बाईंचं नाव लिहीत नाही, छापलेलं त्यांना आवडणार नाही. पण १९८६च्या आसपास एस.एस.सी. झालेल्या प्रत्येकाला ते कळेल. त्या दिवशी चुन्याची निवळी होती. काचेच्या नळीतून निवळीत फुंकायचं, ती दुधाळ होते, म्हणजे उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध. उत्तर पुस्तकात छापलेलं होतं, मागच्या वर्षीच्या मुलींच्या वह्यांतही होतं. माझी निवळी दुधाळ झाली. पण माझ्या शेजारणीशी पैज लागली होती की कोण जास्त वेळ फुंकतं, म्हणून मी फुंकतच राहिले. गाल दुखायला लागले. आणि पाहते तर काय, दुधाळ पाणी हळूहळू परत नितळ!

मला वाटलं, प्रयोग बिघडला. वहीत मुकाट्याने "निवळी दुधाळ झाली" असं लिहून मोकळी झाले. बाई मागे उभ्या होत्या, त्यांनी नळी पाहिली होती. त्यांनी माझ्या वहीतली ती ओळ लाल पेनने आडवी छेदली.

"तुला काय दिसलं?"

"आधी दुधाळ. मग परत साफ."

"मग ते लिही. पुस्तकात काय आहे ते पुस्तकाला ठाऊक आहे. आणि वर तारीख घाल, वेळ घाल."

मग फळ्यावर त्यांनी जे लिहिलं, ते अभ्यासक्रमात नव्हतं. कार्बन डायऑक्साइड पहिल्यांदा चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट बनवतो. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पांढरं दिसतं. पण वायू सोडतच राहिलात, तर त्याच कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं, आणि ते विरघळतं. "शंख, शिंपले, खडू, सगळं हेच," असं म्हणून त्यांनी हातातला खडू दाखवला. मागच्या बाकावरून कुणीतरी "बाई, मग खडूवर फुंकू का?" असं विचारलं आणि तास तिथे संपला.

त्याच वर्षी आमची कमाटी बागेतल्या म्युझियमची सहल. शाळेपासून चालत, दोन-दोनच्या रांगेत. तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा आपल्यापैकी कुणी पाहिला नाही असं होणार नाही: सुमारे २२ मीटर, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला. मी त्याच्या जबड्याखाली उभी राहिले आणि मला एवढंच कळलं की महीच्या पलीकडे काहीतरी प्रचंड आहे आणि आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. ते देवमाशाचं पिल्लू आहे असं तेव्हा सगळे सांगायचे, अजूनही सांगतात. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतः सात मीटरच्या आसपास असतं. २२ मीटर म्हणजे जवळजवळ पूर्ण वाढ झालेला जीव. पण पिल्लू म्हटलं की आकाराची भीती आणखी वाढते, तेव्हा मी हल्ली कुणाला दुरुस्त करत नाही.

खरा समुद्र पाहिला तो जंबुसरजवळच्या कावी-कंबोईला, आणि साफ निराशा झाली. निळं पाणी नाही, लाटा नाहीत, डोळे पोचतील तिथवर चिखल. त्या चिखलात निवट्या मासे पायांवर चालल्यासारखे उड्या मारत होते. आम्ही खंभातच्या आखाताच्या काठावर उभे होतो, जिथे भरती-ओहोटीतला फरक भावनगरच्या बाजूला दहा मीटरच्याही वर जातो, म्हणजे तीन मजले. दुपारी पाणी चढू लागलं आणि स्तंभेश्वराचं देऊळ हळूहळू बुडालं. देव बुडाला म्हणून आमच्यातल्या काही मुलींनी हात जोडले. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि वेळ टिपून घेतली.

बाकीचं शिक्षण थोडक्यात सांगते, कारण त्यात विशेष काही नाही. सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र, मग संशोधन. त्या काळात एक जुना अहवाल हातात आला आणि माझा बडोद्याबद्दलचा न्यूनगंड कायमचा गेला. ओखामंडळ, म्हणजे द्वारका, बेट द्वारका आणि ओखा, हा सगळा भाग गायकवाडांच्या राज्यात होता. बडोद्याला समुद्र होता! महाराजा सयाजीरावांच्या सरकारने १९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल यांना तिथल्या सागरी जिवांची पाहणी करायला बोलावलं. हॉर्नेल सिलोनच्या मोत्यांच्या कामात मुरलेले होते. त्यांनी गोळा केलेले नमुने निरनिराळ्या तज्ज्ञांकडे गेले. स्पंज आर्थर डेंडींनी तपासले. अहवालाचा पहिला भाग १९०९ला आणि दुसरा १९१६ला निघाला. समुद्र बदलतो आहे असं आज आपण म्हणतो, तेव्हा कशापासून बदलला हे कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं लागतं. या किनाऱ्यापुरतं ते काम एका संस्थानाने आपल्या तिजोरीतून शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. सयाजीरावांची वाचनालयं, सक्तीचं शिक्षण यांवर आपण भाषणं करतो. या अहवालावर मी एकही ऐकलेलं नाही.

माझं स्वतःचं काम त्याच किनाऱ्यावर, कच्छच्या आखातात. दक्षिण काठाला सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, देशातलं पहिलं, १९८२ सालचं. वाडीनारजवळच्या नरारा इथे ओहोटीला चालत प्रवाळांपर्यंत जाता येतं. पोहायलासुद्धा यावं लागत नाही. माझ्यासारख्या विश्वामित्रीकाठच्या मुलीला हे फार सोयीचं पडलं. काम दिसायला अगदी साधं. पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट खडकावर ठेवायची, आत काय काय आहे ते मोजायचं, फोटो काढायचा, पुढच्या ठिकाणी जायचं. समुद्रफूल, ऑक्टोपस, फुगा मासा अध्येमध्ये भेटतात आणि लक्ष विचलित करतात.

माझी आजी रत्नागिरीची. तिच्याकडे भरतीचा हिशेब होता: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते. पहिल्या वर्षी मोठ्या ऐटीत मी तो हिशेब कच्छच्या आखातात लावला. कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर चालणारं गणित आखातात चालत नाही. भरती तोंडातून आत शिरायला वेळ घेते. आमची होडी ओहोटीत चिखलावर बसली आणि पाणी परत येईपर्यंत आम्हीही बसलो. एक डबा लीलो चिवडा होता, तो पहिल्या तासात संपला. नावाडी तिथल्याच वाघेर समाजातला, त्याने सबंध वेळ माझ्या आजीविषयी प्रश्न विचारले. तेव्हापासून मी छापील कोष्टक बरोबर ठेवते.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, प्रवाळ त्याला घर देतं, रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवाल बाहेर टाकतं आणि खालचा चुन्याचा सांगाडा पांढरा दिसू लागतो. ते अजून मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो.

१९९८च्या उन्हाळ्यात अशी मोठी लाट आली होती. लक्षद्वीपला ८२ टक्के, मन्नारच्या आखातात ८९ टक्के प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद आहे. कच्छच्या आखातात सरासरी ११ टक्के, आणि त्यामुळे मेलेले असे दिसले नाहीत. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. इथलं पाणी गढूळ, रोज ओहोटीला उघडं पडायचं, उन्हाळ्यात रखरखीत ऊन, हिवाळ्यात गारठा. प्रवाळांनी इथे राहूच नये अशी ही जागा. कदाचित म्हणूनच. जे जगले ते सोसणारे, आणि गढूळ पाणी उन्हाच्या आडही येतं. पण सोसण्यालाही माप असतं. उष्णकटिबंधातल्या हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी एका अंशाने वाढलं. पुढे २०१६ला लाट आली. २०२४च्या एप्रिलमध्ये जगभरातली चौथी लाट जाहीर झाली. चौकट ठेवली की काही चौकटींत पांढरं दिसतं. पुढच्या हंगामात त्यातलं काही परत तपकिरी होतं, काहींवर शेवाळ चढतं. शेवाळ चढलं की संपलं.

आणि निवळी? माणसांनी हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. औद्योगिक काळापूर्वी समुद्राच्या पृष्ठभागावरच्या पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा उतरला की आम्लता वाढते) ८.२च्या जवळ होता, आता ८.१च्या आसपास आहे. फरक किरकोळ वाटतो, पण हे माप अशा जातीचं आहे की तेवढ्यात आम्लता सुमारे तीस टक्के वाढते. आपल्याकडचे शिंपले आजच विरघळायला लागलेत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. होतं ते असं, की कवच बांधायला लागणारं कार्बोनेट पाण्यात कमी उरतं आणि बांधकाम महाग पडतं. हे विद्यार्थ्यांना समजावताना मी फळ्यावर आकृत्या काढत नाही. चुन्याची निवळी आणि एक नळी देते, आणि थांबू नका म्हणते.

तिवरांविषयी, म्हणजे खारफुटीविषयी, लिहायचं तर वेगळा लेख होईल. गुजरातेत १९८७ साली खारफुटी ४२७ चौरस किलोमीटर होती, २०२१च्या वन सर्वेक्षणात ११७५. म्हणजे बातमी चांगली आहे, आणि चांगली बातमीही लिहावी. माझी काळजी पुढची आहे. पाणी चढलं की तिवरं जमिनीकडे सरकतात, आणि जमिनीकडे बांध आहेत, मिठागरं आहेत. मुळं वर काढून श्वास घेणाऱ्या झाडाला मागे सरकायला जागा कोण देणार?

गेल्या दिवाळीत बाईंना भेटायला गेले. दांडिया बाजारातलं जुनं घर, ओसरीवरचा हिंचका तोच. आता ऐकू कमी येतं, चष्मा जाड झालाय, पण समोरच्याला बसायला सांगायचा आवाज वर्गातलाच. मी मोबाइलवर नराराचा एक फोटो दाखवला: चौकटीत अर्धा तपकिरी, अर्धा पांढरा प्रवाळ. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मला वाटलं, काहीतरी हळहळ व्यक्त करतील.

"यावर तारीख कुठाय?"

सांगितली.

"आणि वेळ?"