तुम्ही विचारलंत म्हणून: ते इंजेक्शन मीही घेऊ का?

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कुणीतरी गाठतं. आधी द्राक्षांचे भाव, गंगापूर धरणाचं पाणी, मुलांची कॉलेजं. मग आवाज खाली येतो: "तुम्ही टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेता म्हणे. मीही सुरू करू का? हल्ली फार थकायला होतं." विचारणारा बहुधा पंचेचाळिशीपुढचा, पोट सुटलेला आणि रात्री घोरणारा. घोरण्याचं त्याची बायकोच सांगते, शेजारी उभी असली तर.

घेतो, हे खरं. पण माझ्या मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीत गाठ होती, ती ऑपरेशनने काढली आणि तिच्याबरोबर ग्रंथीचं बरंचसं कामही गेलं. वृषणांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवावं हा हुकूम तिथूनच सुटतो. तो सुटेना, म्हणून बाहेरून भरावं लागतं. थायरॉइडची गोळीही तेव्हापासूनचीच. माझ्या बाबतीत औषध घ्यावं की नाही हा प्रश्नच नव्हता. तुमच्या बाबतीत आहे.

थकव्यापुरतं बोलायचं तर अमेरिकेत 65 वर्षांवरच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या 790 पुरुषांवर झालेला एक मोठा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं जेल त्वचेवर लावल्यावर कामेच्छा आणि लैंगिक क्षमता बऱ्यापैकी सुधारली. उत्साहात मात्र ठोस फरक दिसला नाही. म्हणजे ज्याच्यासाठी लोक मला विचारतात, नेमकं तेच हाती लागण्याची खात्री कमी.

आधी रक्त तरी नीट तपासा. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं आणि खाल्ल्यानेही खाली येतं. रविवारी मिसळ हाणून, वर जिलेबी खाऊन अकराला लॅबमध्ये जायचं आणि आकडा कमी आला म्हणून घाबरायचं, याला काही अर्थ नाही. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी सॅम्पल द्यायचं. ताप किंवा मोठं आजारपण चालू असताना द्यायचं नाही. अंबड-सातपूरला नाइट शिफ्ट करणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण त्यांची सकाळ घड्याळातली नसते. अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट डेसिलिटरमागे 300 नॅनोग्रॅमच्या खाली 'कमी' म्हणतात. पण नुसत्या आकड्यावर कुणी सुई टोचत नाही, टोचू नये. सोबत लक्षणंही हवीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी तरुण मुलांना आवाज न उतरवता सांगतो. मूल हवं असेल तर हे औषध घ्यायचं नाही. 'पुरुषी हार्मोन' म्हटल्यावर वीर्य वाढेल असंच कुणालाही वाटतं. होतं उलटं. बाहेरून डबा यायला लागला की घरची चूल कोण पेटवणार? रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसलं की मेंदू हुकूम थांबवतो, वृषणं आतलं काम बंद करतात आणि शुक्राणू कमी होत होत शून्यावरही येतात. 1990 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 271 पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं होतं, तेही गर्भनिरोधक म्हणून! निम्म्याहून जास्त जणांचे शुक्राणू शून्यावर गेले. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्यात महिनोन्‌महिने जातात. जिममध्ये पाकिटातून मिळणाऱ्या कुप्यांनाही हेच लागू. लग्न ठरलेल्या मुलाला कुणी हे सांगत नाही, बायसेप्सचं सांगतात. मूल हवं असलेल्यांसाठी वेगळी औषधं आहेत, ती तज्ज्ञाकडूनच घ्यावीत.

माझं इंजेक्शन साधारण तीन महिन्यांनी असतं. 1000 मिलिग्रॅम औषध चार मिली एरंडेल तेलात. सिस्टर ते कंबरेखाली इतकं सावकाश सोडतात की तेवढ्यात आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बातम्या सांगून होतात. तेल घट्ट असल्याने दोन दिवस बसताना जाणवतं. जेलही मिळतं, पण ते लावल्यावर अंग झाकावं लागतं, नाहीतर बायकोच्या किंवा कडेवरच्या नातवंडाच्या अंगाला लागतं. रक्त घट्ट होतंय का हे बघायला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, तपासतात. 54 टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवतात. प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी. हृदयाचं विचाराल तर 2023 मध्ये हृदयरोग किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरचा अभ्यास आला. हार्ट अटॅक, पक्षाघात वाढले नाहीत. हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण मात्र औषध घेणाऱ्यांत जास्त निघालं.

मग तुम्ही काय करायचं? आधी पोट, साखर आणि घोरणं यांच्याकडे बघा. लठ्ठपणाने टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि वजन घटलं की पुष्कळांचं आपसूक वर येतं. पण दुसऱ्या सॅम्पललाही आकडा खालीच असेल तर वजन कमी होण्याची वाट बघत बसू नका. एलएच (वृषणांना तो हुकूम पोचवणारं पिट्यूटरीचं हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन (पिट्यूटरीचंच दुसरं हार्मोन) यांची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. माझी डोकेदुखी वर्षभर चष्म्याच्या नंबरावर ढकलली जात होती. गाठीचा पत्ता त्या प्रोलॅक्टिनने दिला.