झाकणांचा आवाज

जोडून सुट्ट्या आल्या की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, 'डोंगरात कोण कोण येणार?' आणि निघण्याच्या आदल्या रात्री शेवटचा, 'जास्तीचा टॉर्च कुणाकडे आहे का?' मधल्या काळात वीस-बावीस जण 'नक्की' म्हणालेले असतात, त्यातले अकरा येतात. या अकरांत मी असते, आणि चढ लागला की मी अकरावी असते. हा विनय नाही. डोंगरात नंबर लावणं फार सोपं असतं, खाली बघून मोजायचं.

हळू चालण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाय माझे, फुप्फुसं माझी. माझी तक्रार आहे ती विश्रांतीच्या वाटपाबद्दल.

होतं असं, की चढाला लागल्यावर अर्ध्या तासात रांग ताणत जाते. पुढचे चौघं वळणाआड जातात. आधी त्यांच्या गप्पा ऐकू येतात, मग नुसतं हसणं, मग तेही नाही. मागे मी आणि माझी धाप. अगदीच एकटी नसते म्हणा. सगळ्यांच्या मागे राहायचं काम ज्याच्याकडे असतं तो बॅकलीड असतोच. मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून तो बिचारा मध्ये मध्ये थांबून फुलांचे फोटो काढतो. एकाच फुलाचे सात फोटो झाले की मलाही कळतं.

मग वर एका खडकाशी सगळी मंडळी दिसतात. सॅक उतरवलेल्या, पाय पसरलेले, कुणी तोंडावर टोपी घेऊन आडवं झालेलं. माझी शेवटची वीस पावलं उरलेली असतात आणि तेवढ्यात तो आवाज सुरू होतो. बाटल्यांची झाकणं फिरवल्याचा. कर्र, कर्र. पाठोपाठ सॅकच्या पट्ट्यांची बकलं, टक्, टक्. मी खडकाला हात लावते आणि लीडर म्हणतो, 'आले ना सगळे? चला!' पुढच्यांची वीस मिनिटं बसून झालेली असतात, मधल्यांची दहा. माझ्या वाट्याला खडक येतो, तोही उभ्याने.

पुढच्यांचीही एक बाजू आहे, ती मला बऱ्याच वर्षांनी कळली. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. त्यात वारा, त्यात घामाने पाठीला चिकटलेला शर्ट. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, मग हुडहुडी भरते. म्हणजे मी दिसल्याबरोबर ते उठतात ते माझ्या नावाने नव्हे, थंडीने. हे कळल्यावर राग गेला. पोटऱ्या मात्र तशाच राहिल्या.

यंदाच्या तीन दिवसांचा हिशेब लीडरने नेस्मिथच्या नियमाने मांडला होता. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. त्याने 1892 साली सांगून ठेवलंय, की सपाटीच्या दर तीन मैलांना एक तास धरा आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात सुमारे पाच किलोमीटर आणि सहाशे मीटर. पहिल्या दिवशी चौदा किलोमीटर चाल आणि बाराशे मीटर चढ होता, म्हणजे पाच तासांच्या आत मुक्काम. आम्हाला आठ लागले. नेस्मिथने थांबे धरलेलेच नाहीत. बुटात गेलेला खडा, दरीत उडालेली टोपी आणि सात फोटोंचं फूलही त्यात नाही. शिवाय त्या दिवशी डोंगराने दोनदा फसवलं. फुगीर उताराखाली उभं राहिलं की पुढचा उंचवटाच माथा वाटतो. जीव खाऊन तिथे पोचावं, तर मागे खरा माथा निवांत बसलेला. दुसऱ्यांदा हे झालं तेव्हा मी डोंगराशी बोलणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीडरने मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. 'आज वेग तुमचा,' म्हणाला. दहा तरण्याताठ्या पायांची रांग आपल्यामागे खोळंबली आहे हे पाठीला जाणवतं, तेव्हा चढापेक्षा संकोचाने जास्त दम लागतो. पण दम पुरवायची एक जुनी युक्ती मला येते. पाऊल पुढे टाकलं की मागचा गुडघा पूर्ण ताठ करायचा आणि क्षणभर सगळा भार त्याच पायावर ठेवायचा. स्नायू सुटतात, वजन हाडं पेलतात. दर पावलागणिक घोटभर विश्रांती. चालणारा जरा नवरदेवासारखा दिसतो, पण मध्ये थांबावं लागत नाही. मागे हळूहळू गप्पा सुरू झाल्या. अकरा जणांची एकच रांग, तिच्यात एकच गप्पा. आदल्या दिवशी मला ऐकूच न आलेले विनोद त्यांनी पुन्हा सांगितले. एवढे काही चांगले नव्हते.

तिसरा दिवस उताराचा. उतार म्हणजे आराम असं वाटणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी जिना उतरून बघावा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो. त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात आणि खरं दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. पण त्याच्याही आधी बूट बोलतात. आमच्यातला सगळ्यात चपळ मुलगा, पहिल्या दिवशी वळणाआड दिसेनासा होणारा, नवेकोरे बूट घालून आला होता. चढताना टाचा घासल्या होत्याच, घसाऱ्यावरून उतरताना पाय पुढे सरकून बोटंही सोलवटली. दुपारी त्याने मोजा काढला तर टाचेवर मोठा फोड, आत पाणी भरून चकचकीत. सुई घेऊन धावलेल्या दोघांना थांबवलं. अखंड कातडीइतकं चांगलं झाकण नाही. वर चिकटपट्टी लावली आणि तो निघाला, सगळ्यांच्या मागे.

खालच्या झऱ्याशी मी पाचवी पोचले. पाचवी! सॅक उतरवली, बूट सैल केले, पाय पाण्यात सोडले. बसल्या बसल्या पाठ दगडाला टेकता येते, हे मला डोंगरात पहिल्यांदाच कळत होतं. पाऊण बाटली संपवली. वारा सुटला, शर्ट गार पडला, तशी मी पायही बाहेर काढले आणि बुटांच्या नाड्या करकचून बांधल्या. अंधाराच्या आत गावात पोचायचं होतं.

तेवढ्यात वरच्या वळणावर तो दिसला. एक पाय तिरका टाकत, काठीवर रेलत, शेवटची वीस-एक पावलं उरलेली. मागे बॅकलीड आभाळाचा फोटो काढत उभा.

माझ्या हातात बाटली होती. मी झाकण फिरवलं.

त्याने मान वर करून पाहिलं. 'मावशी,' तो म्हणाला, 'बसा ना दोन मिनिटं.'