साळिंदराचं मटण आणि आमचा नाग

तिकडे कोजागिरीचं दूध आटत असतं, तेव्हा इथे लुआंग प्राबांगमध्ये घराघरांतून बांबूच्या कामट्या तासल्याचा आवाज येतो. लाओसमधल्या भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहायचा काळ, आश्विन पौर्णिमेला संपतो आणि दुसऱ्या रात्री गावातला प्रत्येक मोहल्ला, म्हणजे 'बान', आपली दिव्यांची होडी मेकाँग नदीत सोडतो. लाय म्हणजे तरंगत सोडणं, हुआ म्हणजे होडी, फाय म्हणजे आग. सणाचं नावच लाय हुआ फाय.

आमच्या बानची होडी एक लुंग बनवतात. लुंग म्हणजे काका. एरवी ते लाकडावर कोरीवकाम करतात, पण हे पंधरा दिवस देवळाच्या अंगणातच मुक्काम. होडीला नागाचाच आकार, त्यात नवल नाही, इथे देवळांच्या पायऱ्यांवरही नागच पहुडलेले असतात. मात्र लुंगचा नाग सरळ नसतो. कंबरेत दोनदा मुरडलेला. मला वाटलं, बांबू चुकून वाकला. तसं म्हटल्यावर ते हसले आणि गोष्टच सांगत बसले.

सुत्तो आणि सुवन्न हे दोन नागराजे जिवलग मित्र. शिकार मिळाली की निम्मी दुसऱ्याला पाठवायची, असा करार. एकदा एकाने हत्तीचं मांस पाठवलं, केसांसकट. पुढे दुसऱ्याला साळिंदर मिळालं, त्यानेही इमानाने निम्मं पाठवलं, काट्यांसकट. झालं! हत्तीचा केस एवढासा, तर ज्याचा काटा एवढा मोठा तो प्राणी केवढा असेल? आणि मला वाटा मूठभर? जुंपली. शेवटी देवांनी सांगितलं, भांडू नका, दोघांनी एकेक नदी खणा. समुद्राला आधी पोचेल त्याच्या नदीत महाकाय मासा सोडू. सुवन्नाने सावकाश, नीट नान नदी खणली, ती आता थायलंडमध्ये आहे. सुत्तो तापट. डोंगर आडवा आला की वळसा, पुन्हा डोंगर, पुन्हा वळसा. पण पहिला आला तोच. त्याची नदी म्हणजे मेकाँग. तो प्रचंड मासा, पा बुक, मेकाँगमध्येच का, याचं उत्तरही यात आलं. भाऊबंदकीच्या गोष्टी आपल्याकडे काय कमी आहेत, पण साळिंदराच्या काट्यावरून नद्या निघाल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

तर सांगाडा झाल्यावर मला खवले चिकटवायला बसवलं. रंगीत कागद, खळ, पाटावर कात्री. लहानपणी चाळीत आकाशकंदील केलेत, म्हटलं हे आपलंच काम. दीड तासात मानेपासून पोटापर्यंत आले. लुंगनी बघितलं, 'बॉ पेन न्यांग' म्हणाले, म्हणजे 'असू दे, काही नाही', आणि सगळे खवले सोलून काढले! सुरुवात शेपटीपासून करायची असते. कौलं शाकारतात तशी, खालची ओळ आधी, वरची तिच्यावर. मी उलट लावले होते, त्यांची टोकं डोक्याकडे उभी राहिली होती. पिसं फुलवलेल्या कोंबडीसारखा दिसत होता नागराज.

मिरवणुकीच्या रात्री सिसावांगवोंग रस्त्यावरून होड्या खांद्यावर निघतात. ढोल, झांजा, वाट शिएंग थोंगपर्यंत तुफान गर्दी. 1560 च्या सुमाराचं हे देऊळ. तिथे परीक्षक होड्या बघतात, मग पायऱ्या उतरून नदीकाठी. लोकांच्या हातात केळीच्या खुंटावर बांधलेले छोटे द्रोण, त्यात झेंडू, उदबत्ती, मेणबत्ती. झेंडूचा वास आला आणि मी क्षणभर दसऱ्याला दादरच्या फुलबाजारात जाऊन आले.

आमचा नाग पाण्यात उतरला. दिवे पेटवले, दोघांनी ढकलला. दहा हात गेला असेल, प्रवाहाने शेपूट पुढे घेतली आणि होडी आडवी झाली. पंधरा दिवसांचं काम! मी लुंगकडे पाहिलं. ते पायरीवर बसून चिकट भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवत होते.

"सुत्तोच आहे तो," ते म्हणाले. "सरळ कधी गेला?"