आगळासारखा लाल रस

भावाने मुंबईहून सहा ब्लड ऑरेंज, म्हणजे लाल गराची संत्री आणली. पहिलं कापलं आणि पाटावर कोकमाचं आगळ सांडल्यासारखा लाल रस! इटलीतल्या सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी थंडगार रात्रींमुळे हा रंग चढतो; आमच्या वेंगुर्ल्याच्या दमट हवेत कुठला चढायला.

रवा तुपात खमंग भाजून शिरा केला. रस मात्र गॅस बंद केल्यावरच घातला, त्यामुळे वास टिकला. उरलेल्या फोडींत कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि ओलं खोबरं घालून कोशिंबीर केली, तळलेल्या बांगड्यासोबत. काय जमली होती! आईने बोट चाटून पाहिलं, "आंबट कमी आसा गो, दोन सोलां टाक." कोकमाची दोन सोलं टाकली, आणि खरंच चव उघडली.

साली सुपात वाळत घातल्यात. अख्खी पडवी घमघमतेय.