विसार देऊन झाल्यावर

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलं होतं, तेव्हा तो पोरगा वाकून आत आला. शेजारच्या गावचा. त्याच्या वडिलांचा ट्रॅक्टर माझ्याकडेच असतो, म्हणून घरचंच नातं. "काका, पिकअप बघितली संगमनेरला. 2017 ची आहे. मीटर 1 लाख 18 हजार. सव्वाचार लाखांत देतोय. उद्या येता का बघायला?"

मी विचारलं, "विसार दिलास का?"

"वीस हजार."

आळेफाट्यावर गॅरेज टाकून मला सव्वीस वर्षं झाली. नारायणगावच्या टोमॅटोच्या मार्केटला जाणाऱ्या गाड्या रोज माझ्या दारात असतात. या सव्वीस वर्षांत असा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल, आणि प्रत्येक वेळी पैसे अगोदर आणि मिस्त्री नंतर. मला याचा मनापासून त्रास होतो. हे पैसे काही सहज आलेले नसतात. या पोराच्या वीस हजारांत आईच्या गळ्यातलं गहाण होतं.

त्याला एवढंच सांगितलं, की विकणाऱ्याला फोन कर आणि आम्ही येईपर्यंत गाडीला सेल्फ मारू नको म्हणावं. डिझेल गाडीचं खरं दुखणं सकाळी थंडीत पहिल्या सेल्फला कळतं. एकदा तापली की बरंच काही झाकलं जातं.

सकाळी पोरगा, त्याचे आजोबा म्हणजे आबा आणि मी असे तिघे निघालो. थंडीचे दिवस होते, चंदनापुरीच्या घाटात काचेवर दव येत होतं. साडेआठला पोचलो. गाडी पांढरी, धुतलेली, मागच्या माल भरायच्या हौद्याला नवी निळी पट्टी, आरशाला लिंबू-मिरची. मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. विकणारा म्हणाला, "धुवायला नेली होती." मी काही बोललो नाही. अर्धा तास चहा घेत थांबलो, पण गार इंजिन त्या दिवशी मिळालं नाही ते नाहीच.

तरी इंजिन चांगलं निघालं, हे मला सांगितलंच पाहिजे. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, बॅक मारत नव्हती, म्हणजे तोंडातून वाफेचा झोत येत नव्हता. झाकण उलटं करून तोंडावर ठेवलं, जागच्या जागी बसून राहिलं. डिपस्टिकवरचं ऑइल काळं होतं, पण चहासारखं दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. रेस दिल्यावर क्षणभर काळा धूर आला आणि साफ झाला. निळा धूर नाही, पांढरा नाही. टर्बोचा पाइप सोडून आत बोट फिरवलं, नुसता ओलसर. चावी लावली की चेक इंजिनचा दिवा लागतो का, तेही बघितलं. काही जण तो दिवाच काढून टाकतात, म्हणजे बिघाड दिसायलाच नको. इथे दिवा लागला, गाडी चालू झाल्यावर विझला. पोराचा चेहरा फुलला. विकणारा म्हणाला, "बोललो नव्हतो मिस्त्री? इंजिन मक्खन आहे."

पोराला हेच भावलं होतं. गाडी घ्यायला जाणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो आणि तिथेच हरखतो.

मी मात्र क्लचच्या पॅडलकडे बघत होतो. रबर झिजून मधला लोखंडी पत्रा उघडा पडला होता. स्टिअरिंगची पकड गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा काठ खचलेला. 1 लाख 18 हजारांत पॅडलची ही दशा होत नाही. मीटरचा आकडा बदलता येतो, पण आठ वर्षं तिथे पाय ठेवणाऱ्याची खूण बदलायला कुणाला सुचत नाही.

मग गाडी घाटाकडे काढली. चढाला चौथ्या गिअरला रेस वाढली आणि वेग वाढला नाही, म्हणजे क्लच प्लेट संपत आली. उताराला रेस सोडली की मागून हुंकारल्यासारखा आवाज यायचा. क्राऊन पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली दातेरी जोडी. सेकंड गिअर पायऱ्या उतरल्यासारखा पडायचा. ब्रेक ठीक होते. बंद गाडीत पॅडल चार-पाच वेळा दाबून पाय ठेवला आणि गाडी चालू केली, तर पॅडल थोडं खाली गेलं, म्हणजे ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम येतोय. हे मी मनात लिहून घेत होतो. क्लच, पिनियन, गिअरबॉक्स, सगळं खर्चाचं, पण दुरुस्त होणारं. किंमत पाडून घेता आली असती.

परत आल्यावर मी मोकळ्या जागेत बादलीभर पाणी ओतायला सांगितलं आणि पोराला गाडी त्यावरून सरळ पुढे न्यायला लावली. कोरड्या मातीवर चाकांचे ओले पट्टे उमटले. डावीकडे मागच्या चाकाचा पट्टा पुढच्याच्या दोन बोटं आत होता, उजवीकडे तेवढाच बाहेर. गाडी तिरकी चालत होती. पुढच्या टायरचा आतला काठ खाल्लेला होता, त्याचाही अर्थ आता लागत होता. टायरवर 4823 असा शिक्का, म्हणजे 2023 च्या 48 व्या आठवड्यातलं. एवढं नवं टायर एवढ्या लवकर असं खात नाही.

केबिन आणि हौदा यांच्यामधली फट मी बोटांनी मोजली. खाली तीन बोटं. वर चार बोटं, आणि चौथं सैल. म्हणजे हौदा मागे कलला होता.

तेव्हा मी बारदान मागितलं आणि गाडीखाली गेलो.

चासी, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर उभी असते तो लोखंडी सांगाडा, काळी कुळकुळीत. नवा रंग. खालून रंगवलेली गाडी बघितली की माझ्या पोटात कालवतं. वर रंग मारला तर समजतो, माणसाला माल नटवून विकायचा असतो. पण गाडीखाली बघतं कोण? तिथे खर्च करायचं कारण काय? मागच्या पाट्यांना, म्हणजे ओझं पेलणाऱ्या पानांच्या स्प्रिंगांना, एक जादा पान घातलेलं होतं. डाव्या बाजूला पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू बोल्टच्या नट्यांना नवी चमक, म्हणजे पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकला होता आणि कुणीतरी तो अंदाजाने बसवला होता.

मी हातोडी घेतली आणि चासीचा उजवा दांडा पुढून मागे ठोकत गेलो. टण, टण, टण. चांगलं लोखंड बोलतं. मागचे पाटे चासीला जिथे अडकवतात त्या पुढच्या हँगरपाशी आलो आणि आवाज बदलला. ठप. वीतभर मागे परत टण. पुन्हा तिथेच ठप. पान्याच्या टोकाने खरवडलं तर रंगाखालून करडी भुकटी पडायला लागली. लांबी, म्हणजे पुट्टी भरली होती. भिंतीच्या भोकात भरतात तशी चासीत लांबी. ती निघाल्यावर खाली वेल्डिंगची जाड, ओबडधोबड शिवण दिसली, आणि त्या शिवणीच्या कडेला, शिवणीत नव्हे तर तिच्या अगदी शेजारी, एक नवी चीर. वरच्या काठापासून निघून दांड्याच्या निम्म्यापर्यंत उतरलेली. आत तांबडा गंज.

हे असंच होतं. हौद्याचा मागचा भाग एक्सलच्या मागे लोंबतो. तिथे पासिंगच्या, म्हणजे कागदावर मंजूर वजनाच्या, दुप्पट ओझं ठेवलं की चासी एक्सलवर उलटी वाकते आणि वरचा काठ ताणला जातो. खड्ड्यागणिक तो ताण येतो-जातो. एखाद्या भोकापासून किंवा कोपऱ्यापासून लोखंड तुटायला लागतं. मग रस्त्याकडेचा वेल्डर ती चीर जोडतो, पण तापवल्यामुळे शेजारचं लोखंड पहिल्यासारखं राहत नाही. पुढच्या खेपेला चीर तिथून निघते. अशी गाडी माळशेज उतरताना भरलेली असली आणि समोर वळण आलं, तर मी पुढचं लिहू शकत नाही.

मी पोराला हाक मारली. त्याच्याआधी आबाच खाली आले. सत्तरीतला माणूस, धोतर सावरून माझ्या शेजारी बारदानावर आडवा झाला. बॅटरीचा उजेड मी चिरेवर धरला. त्यांनी अंगठ्याचं नख चिरेत घातलं आणि वरून खालपर्यंत ओढत नेलं. नख कुठेच अडखळलं नाही.

"आपल्या बैलगाडीचा साटा असाच गेला होता," ते म्हणाले. "वरनं काही दिसत नव्हतं. उसाची मोळी चढवली अन् बैल खाली बसले."

बाहेर आलो. विकणारा म्हणाला, फिटनेसचा दाखला आहे ना गाडीला, कागद बघा. कागद मी सकाळीच बघितले होते. फिटनेस चार महिन्यांपूर्वीचा होता. आठ वर्षं ओलांडली की मालवाहू गाडीला तो दरवर्षी करावा लागतो. बँकेचा बोजा उतरला होता, चलन बाकी नव्हतं. कागद खरे होते. पण फिटनेसच्या तपासणीनंतर चीर वाढली असेल, आणि लांबी तर नक्कीच त्यानंतर भरली असणार. मी त्याला एवढंच म्हणालो, "भाऊ, तुम्हालाही पोरंबाळं असतील. ही गाडी आमच्या पोराला नका देऊ, अन् दुसऱ्या कुणालाही देऊ नका." तो खाली बघत राहिला. तासभर बोलणं झालं. वीसमधले पंधरा परत मिळाले. पाच गेले. आबा म्हणाले, जाऊ द्या.

परतीच्या वाटेवर पोरगा गप्प होता. मंचर मार्केटला जाणारी एक पिकअप आमच्या पुढे चालली होती, कॅरेट केबिनच्या वर गेलेले, मागचे पाटे उलटे झालेले. तो म्हणाला, "काका, सगळेच भरतात." मी त्याला मोजायला लावलं. पासिंग दीड टन. कॅरेटमध्ये वीस किलो माल, रिकामं कॅरेट दीड-दोन किलो, म्हणजे बावीस धर. 1500 ला बावीसने भाग. अडुसष्ट येतात. पुढच्या गाडीत एकशेवीस तरी असतील. एकशेवीस म्हणजे 2640 किलो. त्याने मोबाइलवर दोनदा हिशेब केला. आपल्या भागात बाजार एका दिवसात पडतो, फेरी वाचवावी असं प्रत्येकाला वाटतं, ते मला कळतं. भाडं कॅरेटवर मिळतं, तेही कळतं. पण ते एकशेवीस कॅरेट शेवटी एका हातभर लोखंडाच्या काठावर उभे असतात.

दीड महिन्याने त्याला दुसरी गाडी मिळाली. त्या वेळी विसाराआधी मला फोन आला. या गाडीचं इंजिन थकलेलं होतं, झाकण काढलं की भसाभसा वाफ यायची, सकाळी निळा धूर. बघणाऱ्याने तिथूनच पाय काढला असता. मी खाली गेलो. चासीवर मूळचा रंग, मध्ये मध्ये गंज, पाट्यांना कंपनीचीच पानं, हातोडी पुढून मागेपर्यंत एकसारखी वाजली. फट वर-खाली सारखी. पावणेतीन लाखांत सौदा झाला. इंजिन उतरवून लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग टाकलं, हेड प्लेन करून घेतलं. बारा दिवस पोरगा माझ्यासोबत राबला, नट धुण्यापासून सगळं. सगळं मिळून आकडा पहिल्या गाडीच्या आतच राहिला.

गाडी न्यायच्या दिवशी आबा आले. हौद्यात चढून उभे राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी पोरानं मोबाइलवर काढलेला आकडा इथं लिहून द्या. उद्या दुसरा कुणी चालवेल, त्यालाही दिसला पाहिजे."

मी ब्रश घेतला आणि हौद्याच्या आतल्या बाजूला, ड्रायव्हरकडच्या फळकुटावर, पांढऱ्या ऑइलपेंटने वीतभर उंचीचा आकडा काढला: 68.