घरी वाचा, आणि मराठीतच वाचा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात माझा मुलगा ज्या शाळेत जातो तिथे वर्गशिक्षिकांखेरीज फक्त वाचन शिकवणाऱ्या एक बाई आहेत. जी मुलं अडखळतात त्यांना त्या दोघा-तिघांच्या गटात वेगळं घेऊन बसतात. शाळा ऑगस्टमध्ये उघडली की एका संध्याकाळी सगळ्या पालकांना बोलावणं असतं. त्या संध्याकाळी बाईंनी जे सांगितलं, ते सुट्टीत पुण्यात आल्यापासून मी भेटेल त्याला सांगते आहे. आता लिहूनच काढते.

आमच्या भागात सोमाली आणि नेपाळी कुटुंबं पुष्कळ. कडेवर तान्हं, बोटाला धरलेला एक, मागे आजी, अशी सगळी आली होती. बाई दारातच उभ्या राहून प्रत्येकाचं स्वागत करत होत्या, आजीशीसुद्धा हसून बोलत होत्या. सगळे बसल्यावर पहिलं वाक्य म्हणाल्या, "घरी तुमच्या भाषेत वाचून दाखवा." हे ऐकून खोलीतल्या कितीतरी जणांचे खांदे सैल पडले. आपलं इंग्रजी कच्चं, तर मुलाला काय शिकवणार, या धास्तीने आलेली माणसं होती ती.

मग त्यांनी फळ्यावर एक गुणाकार मांडला. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये तो मांडला होता : अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचन. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. इंग्रजी अक्षरं उलगडायला शाळा शिकवेल, पण गोष्ट कशी पुढे सरकते, माणसं का रुसतात, नवा शब्द कानावर पडला की त्याचा अर्थ कसा लावायचा, हे घरच्या भाषेत कमावलेलं इंग्रजी वाचतानाही कामी येतं.

पुढे एका मुलीला शेजारी बसवून त्यांनी प्रात्यक्षिकच दाखवलं. ती 'शिप' (ship) या शब्दावर थांबली, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "बोट." बाईंनी रागावल्याशिवाय चित्रावर तळहात ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट पहिल्या दोन अक्षरांखाली नेलं आणि गप्प राहिल्या. मागे बसलेल्या बापाला राहवेना, तो शब्द सांगणार एवढ्यात बाईंनी मानेनेच नको म्हटलं. मुलीने श, इ, प असे आवाज जोडले आणि शब्द तिचा तिने वाचला. चित्र पाहून अंदाज बांधायला शिकवण्याची पद्धत तिथे पूर्वी सर्रास होती. ओहायोने 2023 मध्ये कायदा करून ती शाळांमधून हद्दपार केली.

घरासाठी त्यांचं सांगणं साधं होतं. रोज वीसेक मिनिटं. सोपं पुस्तक मुलाने वाचायचं, अवघड मोठ्यांनी वाचून दाखवायचं. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचायचं. आणि वाचून झाल्यावर परीक्षा घ्यायची नाही.

आता पुण्याचं. माझी भाची दुसरीत आहे, इंग्रजी शाळेत. घरातही इंग्रजीच बोला, असं शाळेने वहिनीला सांगितलंय. भाची इंग्रजी धडा घडाघडा वाचते, पण त्यात काय झालं विचारलं की आईकडे बघते. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, 'किशोर'चा अंक काढून गोष्ट वाचायला घेतली तेव्हा मात्र हीच मुलगी मधेमधे "मग? तो परत का गेला?" विचारत होती. वहिनीला मी स्वच्छ सांगितलं, शाळेचं हे ऐकू नकोस. मराठी वाचून दाखवल्याने इंग्रजी मागे पडत नाही. घरात मोडकंतोडकं इंग्रजी बोलून मात्र मुलं दोन्हीकडची राहत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

परदेशात मराठी पुस्तक मिळवायला किती यातायात करावी लागते हे अनुभवल्यावर इथली श्रीमंती डोळ्यांत भरते. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय 1911 पासून. बालभारतीचा 'किशोर' 1971 पासून निघतोय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर लहानग्यांच्या मराठी गोष्टीही तशाच फुकट. अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये पाठ्यपुस्तकांच्या याद्या घेऊन जातच असाल, तर यादीबाहेरचं एक पुस्तक मुलाला त्याच्या पसंतीने घेऊ द्या.

आम्ही ऑगस्टमध्ये परत जाऊ. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच. आई पाचलाच उठते, त्यामुळे झोपायच्या आधीची गोष्ट व्हिडिओ कॉलवर तीच वाचणार असं ठरलंय. सात वर्षांच्या मुलाला ऐकायला आवडतील अशी पुस्तकं सुचवा, बॅगेत जागा ठेवली आहे.