मोड १ चा ट्रान्समीटर मोड २ करताना: माझा अनुभव

रिमोटवरचं छोटं विमान उडवायला मी घेतलेला जुना सहा चॅनलचा (सहा वेगळे आदेश पाठवणारा) ट्रान्समीटर मोड १ चा होता (मोड म्हणजे कोणत्या स्टिकने काय हलतं याची मांडणी) आणि नागपुरात ज्यांच्याबरोबर मी विमान उडवतो ते सगळे मोड २ वाले. त्यामुळे पहिल्या उड्डाणाआधीच ठरवावं लागलं: आपला हात मोड १ ला लावायचा, की यंत्र मोड २ चं करून घ्यायचं. यंत्र बदलायला एक दुपार लागली. ठरवायला मात्र मी तीन आठवडे घेतले. अंगठ्यांना एकदा वळण पडलं की ते मोडायला फार वेळ जातो, म्हणून हे तीन आठवडे मला महत्त्वाचे वाटतात.

कामं चार असतात: थ्रॉटल (मोटरचा जोर), एलेव्हेटर (शेपटीची आडवी झडप, नाक वर-खाली करते), एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, विमान कलवतात) आणि रडर (शेपटीची उभी झडप, नाक डावी-उजवीकडे वळवते). स्टिक दोन, आणि प्रत्येक स्टिक उभी आणि आडवी अशी दोन्हीकडे हलते. मोड २ मध्ये डाव्या स्टिकवर उभं थ्रॉटल आणि आडवा रडर, उजव्या स्टिकवर उभा एलेव्हेटर आणि आडवे एलेरॉन. मोड १ मध्ये फक्त थ्रॉटल आणि एलेव्हेटर यांची जागा बदलते: थ्रॉटल उजवीकडे, एलेव्हेटर डावीकडे. रडर आणि एलेरॉन जिथल्या तिथेच राहतात. मोड ३ हा मोड २ चा आरसा आणि मोड ४ हा मोड १ चा. जपानमध्ये आणि युरोपच्या काही भागांत मोड १ ची परंपरा मोठी आहे. अमेरिकेत आणि आपल्याकडे मोड २ चालतो, आणि कॅमेऱ्याचे ड्रोनही बहुतेक मोड २ वर लावूनच येतात.

मोड १ वाईट आहे असं अजिबात नाही. त्याचा खरा फायदा म्हणजे एलेव्हेटर आणि एलेरॉन वेगवेगळ्या हातांत असतात. मोड २ मध्ये पूर्ण एलेरॉन देताना अंगठा सरळ रेषेत न जाता किंचित कमानीत फिरतो, आणि नकळत थोडा एलेव्हेटरही दिला जातो. रोल करताना (विमान स्वतःभोवती फिरवताना) विमानाचं नाक भरकटतं ते बरेचदा यामुळेच. मोड १ मध्ये ही अडचण येत नाही, पण तिथे थ्रॉटल कमी करताना त्याच हाताने एलेरॉन हलतं आणि उतरताना पंख कलतो. सिम्युलेटरवर मी दोन्ही मोड आलटून पालटून, रोज वीस मिनिटं असे दहा दिवस चालवून पाहिले. पिकासिम हा फुकट मिळणारा सिम्युलेटर त्यासाठी पुरेसा आहे. ट्रान्समीटरच्या ट्रेनर पोर्टमधून (केबल लावायच्या खाचेतून) संगणकाला यूएसबी डोंगल लावलं की झालं. रोल मोड १ वर स्वच्छ आले, उतरणं मोड २ वर. नवशिक्याला उतरणं जास्त वेळा करावं लागतं.

सिम्युलेटरवर न कळणारी एक गोष्ट म्हणजे हातफेक. आपल्याकडे गुळगुळीत धावपट्टी क्वचितच मिळते. सोयाबीन निघाल्यावर मोकळं झालेलं वावर हीच आपली धावपट्टी. पऱ्हाटीच्या वावरात तर विमान उतरवायचाही विचार करू नये, वाळलेली पऱ्हाटी फोमच्या पंखात थेट घुसते. चाकांवर उडणं शक्य नसलं की विमान हाताने फेकावं लागतं, आणि एकटे असाल तर उजव्या हाताने विमान, डाव्या हातात ट्रान्समीटर. मोड २ मध्ये त्या एक-दोन सेकंदांत डाव्या अंगठ्याखाली थ्रॉटल आणि रडर असतात, एलेव्हेटर नसतो. मोड १ मध्ये उलट: एलेव्हेटर हाताखाली असतो, थ्रॉटल नसतं. नाक खाली गेलं तर मोड १ वाला ते लगेच उचलू शकतो, हा मोड १ च्या बाजूने मला सापडलेला सगळ्यात वजनदार मुद्दा. मोड २ वर त्यावर उपाय असा: एलेव्हेटरला कडेपाशी मोजून सुमारे २ मिलिमीटर वरचा ट्रिम (स्टिक न हलवताही राहणारा कल), थ्रॉटल तीन चतुर्थांश, फेक क्षितिजाला समांतर (वर तोंड करून फेकलं की वेग मरतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपून खाली पडतं), आणि हातातून सुटताक्षणी उजवा हात स्टिकवर. सोबत कोणी असेल तर त्यालाच फेकायला द्यावं, मग हा प्रश्नच उरत नाही.

इतकं असूनही मी मोड २ घेतला, आणि त्याचं कारण उड्डाणकौशल्याशी संबंधित नव्हतं. शिकताना विमान हाताबाहेर गेलं की शेजारी उभा असलेला जाणकार ट्रान्समीटर हातात घेतो. त्याचे अंगठे विचार करत नाहीत. नाक उचलायला मोड २ वाला उजवी स्टिक मागे ओढतो. तीच स्टिक मोड १ च्या यंत्रावर थ्रॉटल आहे, म्हणजे नाक उचलायच्या ऐवजी मोटर बंद. उलट प्रकारही तितकाच वाईट: मोड १ वाल्याच्या हातात मोड २ चं यंत्र आलं आणि त्याने जोर द्यायला उजवी स्टिक पुढे ढकलली, तर विमान नाक खाली करून सुसाट जमिनीकडे. म्हणून नवशिक्याला माझं उत्तर एकच असतं: तुझ्या मैदानावर तुझं यंत्र कोण हातात घेणार आहे ते बघ आणि त्याचा मोड घे. डावखुऱ्यांनाही हेच सांगतो. मोड २ मध्ये दोन्ही हातांना काम सारखंच आहे. डावखुरा म्हणून मोड ३ घेतला तर मैदानावर मदतीला कोणी उरत नाही. एखाद्या हाताला इजा किंवा अपंगत्व असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मोड ३ किंवा ४ खरोखर उपयोगी पडतो.

बडी केबल (गुरू आणि शिष्य यांची दोन यंत्रं जोडणारी केबल) असेल तर हे बंधन सैल होतं. केबलमधून स्टिकची जागा जात नाही, चॅनलचं मूल्य जातं. म्हणून गुरू मोड १ वर आणि शिष्य मोड २ वर असले तरी चालतं, फक्त दोन्ही यंत्रांचा चॅनलक्रम (कोणतं काम कितव्या चॅनलवर ते) जुळला पाहिजे.

याच ठिकाणी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मोड आणि चॅनलक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोड बदलल्याने रिसीव्हरमधली (विमानात आदेश घेणाऱ्या भागातली) एकही वायर हलवायची नसते. फुटाबा आणि फ्लायस्काय या कंपन्यांच्या पद्धतीत क्रम एलेरॉन, एलेव्हेटर, थ्रॉटल, रडर असा असतो, स्पेक्ट्रमच्या पद्धतीत थ्रॉटल पहिलं. मोड १ असो वा २, एलेरॉनचा सर्व्हो (झडप हलवणारी छोटी मोटर) आपल्या चॅनललाच राहतो, फक्त तो कोणत्या अंगठ्याने हलतो ते बदलतं. मोड बदलून रिसीव्हरच्या वायरीही बदलणाऱ्याला शेवटी स्टिक आणि सर्व्हो यांचा मेळच लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. आधी विमानाचा पंखा काढला. मोड बदलाचं काम टेबलावर असलं तरी मोटर जोडलेली असते, आणि अर्धवट अवस्थेत थ्रॉटल मध्यावर परतणाऱ्या स्टिकवर येऊ शकतं. तसं झालं तर हात सुटताच अर्ध्या जोराचा आदेश जातो. पंखा काढण्याला पर्याय नाही.

ट्रान्समीटरची बॅटरी काढली, मागचे स्क्रू काढले, झाकण हळू उचललं. झाकणाला बॅटरीच्या आणि अँटेनाच्या वायरी असतात, त्या ताणू नयेत. प्रत्येक स्टिकच्या गिंबलमध्ये (स्टिक जिच्यात फिरते त्या बैठकीत) उभ्या दिशेसाठी एक स्प्रिंग आणि एक छोटा प्लास्टिकचा दांडा असतो, तो स्टिक मध्यावर आणतो. थ्रॉटलच्या गिंबलमध्ये त्याऐवजी धातूची पातळ पट्टी असते, ती दात्यांवर किंवा गुळगुळीत कडेवर दाबून बसते आणि स्टिक सोडली तिथे थांबते. मला डाव्या गिंबलची स्प्रिंग व दांडा उजवीकडे न्यायचे होते आणि उजवीकडची पट्टी डावीकडे. नव्या यंत्रांत ही अदलाबदलही लागत नाही. दोन्ही गिंबलमध्ये स्प्रिंग असते आणि एक स्क्रू आत घेतला की ती निकामी, बाहेर घेतला की कामाला लागते. जुन्या यंत्रात मात्र चिमटा लागतोच.

स्प्रिंग उडते, आणि एकदा उडाली की सापडत नाही. मी गिंबलसह दोन्ही हात एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम केलं. स्प्रिंग चढवायला चिमट्यापेक्षा दोरा बरा: स्प्रिंगच्या कडीत शिवणाचा दुहेरी दोरा ओवायचा, ओढून खुंटीवर बसवायची, मग दोरा एका टोकाने काढून घ्यायचा. चिमट्याने ओढलं की कडी उघडते आणि ताण कायमचा कमी होतो. पट्टीचा स्क्रू आधी सैल ठेवून थोडा थोडा आवळत गेलो. यंत्र उलटं धरलं तरी स्टिक घसरू नये, इतकाच घट्टपणा पुरतो. जास्त आवळली तर पट्टी प्लास्टिक खरवडते आणि थ्रॉटल अडखळत चालतं.

झाकण लावून यंत्र चालू केलं, मेन्यूत मोड २ निवडला, आणि लगेच स्टिकचं कॅलिब्रेशन. हे विसरलं जातं. स्प्रिंगची जागा बदलली की मध्यबिंदू जरा सरकतो आणि टोकंही. आधी सगळ्या स्टिक मध्यावर ठेवायच्या (थ्रॉटलसुद्धा, हाताने), मग चारही कोपऱ्यांपर्यंत, जोर न लावता, दोन-तीन फेऱ्या. त्यानंतर चॅनल मॉनिटरवर पाहायचं: मध्याला शून्य, टोकांना दोन्ही बाजूंना १००. टोकाला ९५ वर अडकत असेल तर कॅलिब्रेशन पुन्हा.

टोकं बदलली म्हणून ईएससीलाही (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) नवी टोकं शिकवावी लागतात. थ्रॉटल पूर्ण वर, विमानाची लायपो बॅटरी जोडायची, बीप ऐकायचे, थ्रॉटल खाली. पंखा अजून काढलेलाच. पाठोपाठ फेलसेफ (संपर्क तुटला तर विमानाने पाळायचा आदेश): थ्रॉटल खाली ठेवून नोंदवायचा आणि मोटर हळू फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून पाहायचं. मोटर थांबली पाहिजे. माझ्या यंत्रात फेलसेफ जुन्याच मूल्यावर राहिला होता, तो या तपासणीत कळला.

एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळची तीव्रता कमी-जास्त करणारी सेटिंग) मी उजव्या स्टिकच्या दोन्ही दिशांना ३० टक्के ठेवला. इथे चिन्हाकडे लक्ष द्या: फुटाबात स्टिकचा मध्य मऊ करायला उणे टाकतात, स्पेक्ट्रममध्ये आणि एजटीएक्स हे सॉफ्टवेअर असलेल्या यंत्रांत अधिक. दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उतरवला तर विमान मध्यावरच चिमटा घेतल्यासारखं उसळतं. आलेखात रेषा मध्यावर आडवी होते का ते पाहिलं की चूक होत नाही.

शेवटची तपासणी विमानाच्या मागे उभं राहून. उजवी स्टिक उजवीकडे: उजवं एलेरॉन वर. उजवी स्टिक मागे: एलेव्हेटर वर. डावी स्टिक उजवीकडे: रडरची मागची कड उजवीकडे. कुठलं उलटं असेल तर मेन्यूतल्या रिव्हर्समधून सरळ करायचं. सर्व्होची वायर उलटी लावून दिशा बदलत नाही, तो फक्त चालायचा थांबतो.

तीन चॅनलचं, एलेरॉन नसलेलं ट्रेनर (शिकाऊ विमान) असेल तर रडरचा सर्व्हो एलेरॉनच्या चॅनलला लावा. मोड २ मध्ये मग वळणं आणि एलेव्हेटर दोन्ही उजव्या हातात येतात, आणि पुढे चार चॅनलच्या विमानावर गेल्यावर वळवणारा हात तोच राहतो. रडर डाव्या स्टिकवर शिकलेल्यांना नंतर हात बदलावा लागतो.

मैदानाबद्दल थोडं. सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे निघण्याआधी सरकारी हवाई नकाशावर आपलं वावर बघून घ्या. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच जाता येतं. एप्रिल-मेमध्ये मी सूर्य वर यायच्या आत उडवून घेतो. दुपारच्या उष्ण झोतांत हलकं फोम विमान स्थिर राहत नाही, घामाने अंगठा स्टिकवरून घसरतो, आणि बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचा हॉट ग्लू सुटतो. घाम येणाऱ्यांनी स्टिकच्या टोकावर नुसता अंगठा न ठेवता अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत स्टिक धरून बघावी. त्यासाठी गळ्यात पट्टा लागतो आणि स्टिकची उंची दोन-तीन मिलिमीटर वाढवावी लागते.

यंत्राच्या मागे पांढऱ्या पट्टीवर ठळक अक्षरांत 'मोड २' लिहून चिकटवलं आहे, कारण बाहेरून ते अजूनही मोड १ चंच दिसतं: ट्रिमच्या बटणांवरची छापील नावं तीच आहेत.